माझ्याखाली झोपणारी काशी

मित्रांनो, मी एका सरकारी दवाखान्यातली जुनी लोखंडी खाट आहे, आणि सुरुवातीलाच सांगून ठेवते, मी फार दमले आहे. माणसे दमली की आडवी होतात. मी जन्मापासून आडवीच, त्यामुळे मला तीही सोय नाही. तुम्ही म्हणाल, लोखंडाला कसला आलाय थकवा? इतकी वर्षे आजारी माणसांची अंगे पेलून बघा, म्हणजे कळेल.

माझा जन्म उल्हासनगरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. नळ्या कापल्या, वाकवल्या, त्यांवर पट्ट्या बसवल्या आणि पांढरा रंग फासला. ज्याने मला जोडले तो कारागीर रंग वाळल्यावर माझ्यावर उताणा पडला, दोनदा कूस बदलली आणि म्हणाला, "मजबूत झाली." ती माझी पहिली शाबासकी. पुढे शाबासकी फारशी वाट्याला आली नाही, म्हणून ती जपून ठेवली आहे.

मग ट्रकमध्ये घालून मला मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या कडेला असलेल्या एका दवाखान्यात आणले. त्याचे नाव मी सांगणार नाही. नाव सांगितले की लोक त्या एकाच दवाखान्याला बोल लावतात आणि बाकीचे दवाखाने हात झटकून मोकळे होतात. मला बायकांच्या वॉर्डात खिडकीशी जागा मिळाली. खिडकीला जाळी होती. त्या जाळीतून दवाखान्याचे फाटक दिसायचे, आणि फाटकातून आत येणाऱ्यांना मी दिसायचे.

सुरुवातीला मला वाटले, वा, आता आपण लोकांचे प्राण वाचवणार! तसे काही नसते. खाट कोणाला वाचवत नाही. ती फक्त धरून ठेवते. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत चिखलात पाय सडलेल्या बायका माझ्यावर झोपल्या, बाळंतिणी झोपल्या, साप चावलेल्या झोपल्या. टोकावड्याकडून एसटीने आलेल्या, बैलगाडीने आलेल्या, दिराच्या पाठुंगळी बसून आलेल्या. काही हसत घरी गेल्या. एक म्हातारी जाताना माझ्या पायाला हात लावून नमस्कार करून गेली, तेव्हा मला अगदी लाजल्यासारखे झाले. काहींना डॉक्टर म्हणायचे, "हिला पुढे न्या." पुढे म्हणजे ठाण्याला नाहीतर मुंबईला. घरचे लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे आणि ती बाई माझ्यावरून उचलली जायची. पुढे तिचे काय झाले, हे मला कोणी येऊन सांगितले नाही.

असे हजारो चेहरे आले आणि गेले. खरे सांगायचे तर त्यांतले पुष्कळ मी विसरले. पण जी बाई माझ्यावर झोपतच नव्हती, ती मात्र माझ्या पक्की लक्षात आहे. तिचे नाव काशी.

ही त्र्याण्णव-चौऱ्याण्णव सालची गोष्ट. भाताची कापणी उरकून झोडणी चालू होती आणि थंडी पडायला लागली होती. काशी वरच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. अंगाने काटकुळी, डोळे तापाने लाल, आणि खोकला असा की शेजारच्या खाटेलाही कापरे भरावे. तिचा नवरा वाळू तिला घेऊन आला होता. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बघितली आणि सांगितले, छातीत सूज आहे, रोज इंजेक्शने घ्यावी लागतील, आठ-दहा दिवस राहावे लागेल. वाळूने मान हलवली. तो कशालाही मानच हलवायचा.

वॉर्डात वेखंडे सिस्टर होत्या. जवळच्याच गावच्या. तीन जणींचे काम त्या एकट्या करायच्या, आणि टेबलाशी बसल्या की सुजलेले पाय हळूच चपलेतून बाहेर काढून ठेवायच्या. त्यांनी काशीला दंडाला धरून माझ्यावर चढवले. काशीने दोन्ही हातांनी माझी कड घट्ट पकडली. तिच्या घरात काय, अख्ख्या पाड्यात खाट नव्हती. जन्मात ती जमिनीपासून इतकी उंच कधी झोपली नव्हती.

"सिस्टर, मी पडन गो," ती म्हणाली.

"कोनी पडत नाय. गप पडून राहा," असे म्हणून सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्या. पडत नाही आणि पडून राहा, हे एका दमात सांगणाऱ्या माणसाला काय म्हणावे?

वाळूने दारातून तिला माझ्यावर झोपलेली बघितली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना थांबू देत नसत. शिवाय घरी चार वर्षांची काजल होती, म्हातारी आई होती, झोडणी अर्धी पडली होती. तीन-चार दिवसांत येतो, असे सांगून तो पाड्याकडे गेला.

त्याची पाठ वळली मात्र, काशी खाली उतरली. आपली वाकळ तिने माझ्याखाली अंथरली आणि भिंतीकडे तोंड करून झोपून गेली. सिस्टर आल्या, रागावल्या, वर चढवले. त्या गेल्या, ही पुन्हा खाली. डॉक्टरांच्या फेरीला वर, फेरी संपली की खाली. दोन दिवस ही चढउतर चालली. मग सिस्टरच थकल्या. इंजेक्शन द्यायला त्या स्वतः खाली बसायच्या आणि उठताना माझा आधार घ्यायच्या. मला मात्र राग आला होता. एवढी मजबूत खाट, आणि हिला माझ्यापेक्षा लादी बरी वाटते!

पलीकडच्या खाटेवर सकुबाई होती. खालच्या गावची, शेतकऱ्याच्या घरातली, पायाला मोठी जखम झालेली. तिचा मुलगा रोज डबा आणायचा. काशीजवळ कोणीच नाही हे बघून सकुबाई तिला भाकरीतली अर्धी द्यायची, आणि मोबदल्यात तिला आपल्या तिन्ही सुनांची गाऱ्हाणी ऐकावी लागायची. काशी ऐकायची. मध्येच काजलबद्दल बोलायची. ती भात खात नाही, भाकरच लागते, आईशिवाय कोणाजवळ झोपत नाही, असे काहीबाही. सकुबाईची कंबर पातळ गादीवर दुखायची. एक दिवस ती म्हणाली, तू तर खालीच झोपतेस, तुझी गादी नुसती पडली आहे, मला दे. काशीने आनंदाने दिली. वॉर्डात झाडलोट करणाऱ्या मावशींनी माझ्यावरची गादी उचलून सकुबाईच्या गादीवर घातली, आणि माझ्या पट्ट्या उघड्या पडल्या.

त्याच रात्री काशीचा ताप उतरायला लागला. सकाळी ती उठली तर घामाने वाकळ चिंब झाली होती. सिस्टरांनी कपाळाला हात लावला आणि खूप दिवसांनी हसल्या. म्हणाल्या, घाम आला म्हणजे औषध लागू पडले. वाकळ त्यांनी कुंपणावर वाळत टाकायला लावली. काशीला अंगावर घ्यायला दवाखान्याची पांढरी चादर दिली. इंजेक्शन झाल्यावर काशीला ग्लानी आली. अंथरूण नव्हते, तर ती तशीच उघड्या लादीवर आडवी झाली आणि थंडी वाजते म्हणून पांढरी चादर डोक्यावरून ओढून घेतली. त्यांच्याकडे सगळे असेच तोंडावरून घेऊन झोपतात. बऱ्याच दिवसांनी तिला खोकल्याशिवाय झोप लागली होती. माझ्याखाली इतकी शांत झोप मीही कधी ऐकली नव्हती.

आणि नेमका तेव्हा वाळू आला.

वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टरांची फेरी चालू होती, म्हणून दार लोटलेले होते. तो खिडकीशी आला आणि जाळीला नाक लावून त्याने आत बघितले. ज्या खाटेवर बायकोला झोपलेली बघून तो गेला होता, ती रिकामी. गादीसुद्धा काढलेली. आणि खाली, अंथरुणाशिवाय उघड्या भुईवर, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या चादरीत त्याची बायको.

मित्रांनो, त्यांच्या पाड्यावर माणूस अगदी शेवटाला आला की त्याच्याखालचे अंथरूण काढून घेतात आणि त्याला नुसत्या भुईवर ठेवतात. वाळूचा बाप असाच गेला होता. वाळूला कोणी काही सांगायची गरजच उरली नाही. मी त्याच्या समोर होते, हातभर अंतरावर. मला तोंड असते तर ओरडले असते, अरे, चादर हलते आहे, नीट बघ! पण जाळीतून आणि भरलेल्या डोळ्यांनी काय दिसणार?

तो दाराशी गेला. दारातल्या माणसाने त्याच्याकडे न बघताच सांगितले, फेरी चालू आहे, बाहेर थांबा. वाळूने मान हलवली. थोडा वेळ तो व्हरांड्यात उकिडवा बसला. त्याच्या समोरून केसपेपर घेतलेली माणसे गेली, रडणारी पोरे गेली, सिस्टर दोनदा घाईघाईने गेल्या. मयताला एकट्याने हात लावायचा नाही, चार माणसे जमवायची, बाईच्या माहेराला सांगावा धाडायचा, माहेरच्यांनी तोंड बघितल्याशिवाय न्यायचे नाही, अशी त्यांची रीत. ती कामे त्याला दिसत होती. तो उठला आणि आल्या वाटेने परत डोंगर चढायला निघाला.

दुपारी काशी जागी झाली. जेवली. संध्याकाळपर्यंत फाटकाकडे बघत राहिली. वाळू आज यायचा होता, असे ती सकुबाईला म्हणाली. सकुबाईने समजूत घातली, झोडणी संपली नसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास फाटकाशी रडणे ऐकू आले. दवाखान्यात रडणे नवीन नसते. तरी सगळ्या बायका माना उंच करून बघतातच. काशीही माझी कड धरून उठली आणि जाळीतून बघायला लागली. दहा-बारा माणसे होती. बांबूला घोंगडी बांधून केलेली डोली होती. बायका तोंडाला पदर लावून रडत होत्या.

"मावशे, ही आमच्या पाड्याची मानसं हायत," काशी सकुबाईला म्हणाली. "कोन गेला गो?"

मग तिला वाळू दिसला. त्याला दोघांनी धरले होते. वाळूच्या मागे तिचा भाऊ जगन होता. तो तर दूरच्या गावचा, तो कशाला आला? पोरीचा मामा आला आहे, नवरा रडतो आहे. काशीने जाळी दोन्ही हातांनी धरली. त्या जाळीचा आवाज मला अजून आठवतो. तिच्या मनात एकच नाव आले असणार.

ती अनवाणी निघाली. व्हरांड्याच्या भिंतीला धरत, खोकत, ती पायऱ्यांपर्यंत पोचली. रडणे एकदम थांबले. बायका मागे सरकल्या. भर दुपारी पांढरी चादर अंगावर घेऊन आलेली काशी बघून एकीने डोळेच मिटून घेतले.

"काजल कुठं हाय?" काशीने विचारले.

ती एक पायरी खाली उतरली.

"माझी पोरगी कुठं हाय रे?"

वाळू दोघांचे हात सोडवून पुढे आला. "घरी हाय," तो म्हणाला. "काजल बरी हाय. आमी तुला न्यायला आलो."

"मला कशाला? मला अजून सोडली नाय."

हळूहळू सगळी हकिकत बाहेर आली. सिस्टर धावत आल्या होत्या. त्यांनी ऐकले आणि त्या वाळूवर भडकल्या. इतका डोंगर चढून गेलास, इतकी माणसे गोळा केलीस, तोंडाने एक शब्द विचारायला काय झाले होते तुला?

वाळू म्हणाला, "इचारनार होतो, ताय. पन समदी कामात होती."

मित्रांनो, तसे कोणाचेच काही चुकले नव्हते. सकुबाईने गादी मागितली ती कंबर दुखत होती म्हणून. वाकळ वाळत घातली ती चांगल्यासाठी. दारातल्या माणसाने अडवले ते नेमून दिलेले काम म्हणून. सगळे दमलेले होते, आणि दमलेली माणसे एकमेकांना विचारत नाहीत, अंदाज बांधून पुढे जातात. मला त्या क्षणी सगळ्यांचीच कीव आली.

एवढ्यावर भागले असते तर ती हसण्यासारखी गोष्ट झाली असती. पण वाळूचा चुलता देवजी पुढे झाला. म्हातारा, शांत माणूस. तो म्हणाला की काशीला आता घरी नेतो. पाड्यावर घरची चूल विझवली आहे, पोरीला सांगून झाले आहे, बाई जितीजागती घरी दिसली पाहिजे. डोली आणलीच आहे. त्याचे म्हणणे खोटे नव्हते.

सिस्टरांनी हात जोडले. म्हणाल्या, छातीतले अजून गेलेले नाही, आणखी चार-पाच दिवस इंजेक्शने हवीतच. "आता नेलीत तर पुन्यांदा ही डोली खरंच भरून आनाल." डॉक्टर बाहेर आले, तेच दोन वाक्यांत सांगून रांगेकडे परत गेले. रांग फाटकापर्यंत होती. देवजीने ऐकून घेतले आणि डोली पायरीशी आणायला सांगितली. घरच्यांनी न्यायचे म्हटले तर धरून कोण ठेवणार? अर्ध्या औषधावर उठून गेलेल्या बायका मी पुष्कळ बघितल्या होत्या. त्यांतली एखादी परत आली तर ती फार वाईट होऊन यायची.

काशी पायरीवर बसली होती. तिला घरी जायचे होते. ते तिच्या डोळ्यांतच दिसत होते, तिने एक पाय डोलीकडे टाकलाही होता. मग ती वाळूकडे वळली आणि तिने विचारले, पोरीला कोणी सांगितले?

"आयेनं."

"मग ती काय म्हनली?"

"काय नाय," वाळू म्हणाला. "कालधरनं बोलंनाच. भाकरपन खाल्ली नाय."

काशीला खोकल्याची उबळ आली, ती तिने पदरात दाबली. मग ती देवजीला म्हणाली, "काका, मी आता येन बी. पन घरी येऊन परत पडले, तर पोरीची आई दोनदा मरंल. एकदा आयकलं तिनं. दुसऱ्यांदा नको." आणि वाळूला म्हणाली, "तिला हितं आन."

देवजीने डोली बाजूला ठेवायला सांगितली.

जगन मात्र अजून बाजूला अवघडून उभा होता, काखेत एक गाठोडे धरून. काशीने विचारले, काय आणलेस? त्याला सांगता येईना. बाई गेली की तिच्या अंगावर घालायला माहेरचे लुगडे लागते, ते भावाने आणायचे असते. हिरवेगार, कोऱ्या वासाचे लुगडे होते. काशीने हात पुढे केला.

"लगीन झाल्यापासनं एका दिवाळीला नाय आनलंस. मेल्यावर आनलंस होय रे?"

जगन रडता रडता हसला. एक म्हातारी पुटपुटली, मढ्याचे लुगडे जित्या बाईने नेसू नये. काशी म्हणाली, मढे कुठे आहे दाखवा, त्याला देते. ते लुगडे घेऊन ती आत आली. सकुबाईचे तोंड उतरले होते. तिने स्वतः लंगडत उठून गादी परत माझ्यावर टाकली, आणि त्या दिवशी सुनांबद्दल एक अक्षर काढले नाही.

काशी लुगडे नेसली. मग ती माझ्यासमोर उभी राहिली, माझी कड धरली आणि कोणी न सांगता वर चढली.

सिस्टरांनाही नवल वाटले. त्या म्हणाल्या, अगं, खाली झोप हवी तर, आता मी रागावणार नाही. काशीने नाही म्हणून मान हलवली. म्हणाली, "पोरगी दारातनं बघंल. मी भुईला दिसले तर?"

तेव्हापासून ती माझ्यावर बसून राहिली. वाळूला पाड्यावर जाऊन पोरीला घेऊन यायचे म्हणजे दुसरी दुपार होणार, हे तिलाही ठाऊक होते. तरी ती उतरली नाही. पडण्याची भीती काही गेली नव्हती. डोळा लागला की ती दचकायची आणि माझी नळी घट्ट धरायची. तिचा हात घामाने ओला होता, बोटे बारीक होती, पण पकड अशी होती की तितकी घट्ट मला कोणीच धरले नव्हते, बाळंतिणींनीसुद्धा नाही. मीही जागची हलले नाही, एरवी माझा एक पाय थोडा डुगडुगायचा.

दुसऱ्या दुपारी वाळू आला. काजल त्याच्या खांद्यावर होती. त्याचे पाय धुळीने भरलेले, चेहरा ओढलेला. तीन दिवस तो त्या डोंगरात वरखाली करत होता. दारातल्या माणसाने या वेळी काही म्हटले नाही. सिस्टरांनी दार उघडून धरले. वाळूने पोरीला खाली उतरवले.

काजल दारातच उभी राहिली. काशीने हाक मारली. पोरगी हलली नाही. पुन्हा हाक मारली, हात पुढे केले, तरी नाही. अख्खा वॉर्ड बघत होता. मला वाटले, झाले, आता ही पोरगी मागच्या मागे पळणार. आईचा चेहरा समोर होता, आणि पोरगी चेहऱ्याकडे बघतच नव्हती. ती खाली बघत होती, आईच्या लुगड्याच्या काठाकडे.

"पाय बघते ती," सकुबाई हळूच म्हणाली.

वॉर्डातल्या प्रत्येक बाईला ते कळले. भुताचे पाय उलटे असतात, हे आमच्याकडच्या पोरांना बोलता यायच्या आधी ठाऊक असते. काजलला आजीने सांगितले होते, आई गेली. गेलेली आई नव्या लुगड्यात बसून हाका मारत होती. पोरीने काय समजायचे?

काशी सरकत सरकत माझ्या कडेला आली. पडण्याची तिला केवढी भीती, पण तिने दोन्ही हात सोडले, लुगडे गुडघ्यापर्यंत वर ओढले आणि पाय खाली सोडले. भेगा पडलेले, काळवंडलेले, बोटे पुढे असलेले दोन पाय.

काजल एकेक पाऊल टाकत आली. माझ्याजवळ उकिडवी बसली. आधी तिने बोटे बघितली. मग वाकून मागून टाचा बघितल्या. एवढ्यानेही तिचे समाधान झाले नाही. तिने हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला आणि आईच्या पावलावर ठेवला. कितीतरी वेळ तिने तो तसाच ठेवला.

मग ती मान वळवून बापाला म्हणाली, "ऊन हायत."

दोन दिवसांत तिच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. काशीने तिला वर ओढून घेतले. दोघींचे मिळून वजन किती भरणार? पण मला ते अजून जाणवते. सिस्टर पाठ फिरवून औषधांच्या बाटल्या उगाच इकडच्या तिकडे करायला लागल्या. वाळू जवळ आला. कोणाचे लक्ष नाही असे बघून त्याने आपला हात काशीच्या कपाळाला लावला. तोही खात्री करून घेत होता.

काशीने सगळी इंजेक्शने घेतली आणि आपल्या पायांनी चालत घरी गेली. त्यानंतर ती मला दिसली नाही. दवाखान्यात परत न दिसणे चांगलेच, नाही का?

आता त्याला बरीच वर्षे झाली. वेखंडे सिस्टरांची बदली झाली, मग त्या निवृत्त झाल्या. दोन हजार सालानंतर वॉर्डात डोक्याकडून उचलता येणाऱ्या नव्या खाटा आल्या, आणि मला मागच्या पडवीत काढून ठेवले. माझा एक पाय गेला आहे, तिथे विटा लावल्या आहेत. साथीच्या दिवसांत गर्दी झाली की मला पुन्हा व्हरांड्यात ओढतात, आणि मी पुन्हा कोणालातरी धरून ठेवते. भंगारवाला दोनदा बघून गेला आहे. घेऊन गेला तर मी तक्रार करणार नाही.

मित्रांनो, मला रंग नको, तेल नको. तुमच्यातले कोणी मोठे होऊन डॉक्टर होतील, कोणी सिस्टर होतील. बाकीचे कधी ना कधी आपल्या माणसाला घेऊन दवाखान्यात येतीलच. तिथे सगळे दमलेले असतील, तुम्हीही असाल. तेव्हा खिडकीतून बघून मागे फिरू नका. समोरचा कितीही कामात असला तरी त्याला विचारा, आणि तुम्ही कितीही कामात असलात तरी दारात उकिडव्या बसलेल्या माणसाला काय हवे ते विचारा. कोणी भुईवर पडलेले दिसले, तर त्या चार वर्षांच्या पोरीसारखे खाली बसा आणि हात लावून बघा. अंग ऊन लागले, तर अजून पुष्कळ काही करता येते.